'हात जपा' म्हणजे हात बांधून ठेवा नव्हे

गेल्या आठवड्यात मोठ्या वन्संनी एक फॉरवर्ड पाठवला. 'स्तनाच्या कॅन्सरनंतर आयुष्यभर पाळायचे नियम'. वर जोडलेले हात, खाली 'प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा'. दोन दिवसांत तोच आमच्या चाळीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, आणि माझं ऑपरेशन झालंय हे ज्यांना ठाऊकही नाही अशा एका बाईंनीही पाठवला. त्यात म्हणणी चार. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने जन्मभर वजन उचलायचं नाही. व्यायामाने रक्त जोरात फिरतं आणि उरल्यासुरल्या पेशी अंगभर पसरतात. थकवा म्हणजे शरीर विश्रांती मागतंय, तेव्हा दोन वर्षं पूर्ण आराम. आणि इतर पेशंटांत मिसळू नका, दुसऱ्याचं दुखणं ऐकून आपलं वाढतं.

वन्संनी काळजीपोटीच पाठवला. माझ्या केमोच्या दिवसांत त्या डोंबिवलीहून डबा घेऊन लालबागला यायच्या. म्हणूनच नुसता अंगठा टाकून गप्प बसता येईना.

आधी हाताचं. हा नियम कुणी हवेतून काढलेला नाही, हे कबूल. बगलेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या, वर शेक म्हणजे रेडिएशन दिलं, की हातातल्या लिम्फचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा मंदावतो आणि काही जणींचा हात सुजतो. ती सूज आटोक्यात ठेवता येते, पण पुरती जाईलच असं नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं डॉक्टरही सांगत: पिशवी उचलू नका, मूल कडेवर घेऊ नका. पण ते सांगणं अंदाजाचं होतं, कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

1996 मध्ये कॅनडात व्हँकूव्हरला डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी हे ऑपरेशन झालेल्या 24 बायका ड्रॅगन बोटीत बसवल्या आणि त्यांच्या हातात वल्ही दिली. वल्हवणं म्हणजे सगळा भार दंडावर. एकीलाही नवी सूज आली नाही. चोवीसच बायका, तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून तेवढ्यावर भिस्त ठेवता आली नसती. पुढे अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी रीतसर, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून अभ्यास केला. 2009 मध्ये हात आधीच सुजलेल्या 141 बायकांचे निष्कर्ष आले: आठवड्यातून दोनदा वजनं उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती मध्येच भडकण्याचे प्रसंग कमी झाले. 2010 मध्ये सूज नसलेल्या 154 जणींचे आले. वर्षभरात वजनं उचलणाऱ्यांपैकी 11 टक्क्यांना सूज आली, न उचलणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांना. आणि ज्यांच्या पाच किंवा जास्त गाठी काढल्या होत्या, म्हणजे ज्यांना फॉरवर्ड सगळ्यात जास्त घाबरवतो, त्यांच्यात 7 विरुद्ध 22 टक्के.

याचा अर्थ उद्या गव्हाची गोणी उचला असा नाही. त्या बायकांनी शिकवणाऱ्याच्या नजरेखाली अगदी हलक्या वजनापासून सुरुवात केली आणि वजन तसूतसूने वाढवलं. सूज असलेल्यांनी दंडावर घट्ट स्लीव्ह चढवून केलं.

माझी 2019 ची गोष्ट. घरी सोडताना हातात पडलेल्या कागदावर एक ओळ होती: 'हात जपा'. कसा, किती दिवस, काही नाही. मी इतका जपला की महिन्याभरात वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. खरी पंचाईत पुढेच होती. शेक घेताना हात डोक्याच्या वर ठेवून निजावं लागतं, आणि माझा खांद्याच्या वर जाईना. आधी खांदा सोडवा, मग या, म्हणाले. फिजिओच्या ताईंनी भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं मुंगीसारखी वर चढवायला लावली. जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी मुलाच्या उंचीच्या रेघा होत्याच, त्यांच्या शेजारी माझ्या सुरू झाल्या. तो तिसरीत होता तिथवर मी आठ दिवसांत पोचले. सातवीला गाठायला पाच आठवडे लागले.

आता शिंप्याची टेप घरात असते. महिन्यातून एकदा कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर दोन्ही दंडांचा घेर मोजते. फरक दोन सेंटिमीटरच्या आसपास जायला लागला की दाखवायला जायचं. हात जपणं म्हणतात ते हे. आणि चाळीतल्या बाईला जन्मभर एका हाताने वजन उचलू नकोस सांगणाऱ्याने पहाटे पाचला पाणी कोण भरणार तेही फॉरवर्डमध्ये लिहावं.

पेशी पसरण्याचं म्हणणं ऐकायला शास्त्रीय वाटतं, म्हणून जास्त फिरतं. पण स्वस्थ पडून राहिलात तरी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त मिनिटात एक फेरी मारून येतं. एखाद्या पेशीला प्रवासच करायचा असेल तर तिला तुमच्या चालण्याची वाट पाहायची गरज नाही. 2025 मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 889 पेशंटांचा अभ्यास आला. ऑपरेशन आणि केमो झाल्यावर निम्म्यांना तीन वर्षं ठरवून, मागे लागून व्यायाम करायला लावला. आठ वर्षांनी त्यांच्यातले सुमारे 90 टक्के हयात होते, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांपैकी सुमारे 83 टक्के. तो आतड्याचा कॅन्सर, आपला नव्हे, तेव्हा तेच आकडे आपल्याला चिकटवायचे नाहीत. पण व्यायामाने पेशी पसरत असत्या तर हे पारडं उलटं झुकलं असतं, एवढं तर दिसतंच.

थकव्याबद्दल थोडक्यात. केमोचा थकवा झोपून जात नाही, हे झोपून पाहिलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. 2019 पासून जाणकारांची शिफारस आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, धाप लागेल पण बोलता येईल इतपत व्यायामाची आहे. लेट्रोझोलसारख्या, इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्यांनी सांधे धरतात, हाडं विरळ होतात, तिथे दोन वर्षं खाटेवर काढणं म्हणजे आगीत तेल. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटांवर योगासनांचा मोठा अभ्यास झाला, तो उपचारांच्या जोडीने. 'जोडीने' हा शब्द फॉरवर्डवाल्यांकडून हमखास गळतो. ताप असेल, रक्तातल्या पेशी उतरल्या असतील, हात अचानक लाल आणि गरम झाला असेल, तर मात्र व्यायाम नाही, थेट डॉक्टर.

राहिलं चौथं, 'इतर पेशंटांत मिसळू नका'. इथे मला आपल्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. पेशंटांच्या ग्रुपमध्ये गेलं की आयुष्य वाढतं, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ आहेत. 1989 मध्ये डेव्हिड स्पीगेल यांच्या 86 बायकांच्या अभ्यासात तसं दिसलंही होतं. पण 2001 मध्ये कॅनडात 235 बायकांवर तोच प्रयोग झाला तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मन मात्र हलकं झालं आणि दुखणं कमी जाणवलं. म्हणजे 'ऐकून दुखणं वाढतं' हे म्हणणं बरोबर उलटं आहे.

आम्ही आठ-नऊ जणी रविवारी सकाळी शिवाजी पार्कला जमतो. उद्यान गणेशापाशी भेटायचं, दोन फेऱ्या मारायच्या, मग कट्ट्यावर बसून पाण्याच्या बाटल्या उचलायच्या. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे आमचं डंबेल. बोलणं दुखण्याचं थोडं, बाकी कामाचं. लेडीज डब्यात गर्दीत कडी कोणत्या हाताने धरायची. एका बाजूला हलकं झाल्यामुळे पाठ वाकडी होते, त्यावर एकीने ब्लाउजच्या आत मोहरी भरलेली मऊ पिशवी शिवून घेतली, ती सगळ्यांनी हातात घेऊन तोलून पाहिली. नवऱ्यासमोर पहिल्यांदा कपडे बदलताना काय झालं, हे मी वन्संना कधी सांगितलं नाही. तिथे सांगितलं.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या पाठीच्या मणक्यात आजार परत दिसला. आमच्यात सगळ्यात नेमाने चालणारी तीच. त्याच सुमारास दुसऱ्या जातीचा फॉरवर्ड फिरत होता, 'मन खंबीर ठेवा, कॅन्सर हरेल'. तो वाचून तिने विचारलं, म्हणजे माझं मन लेचंपेचं होतं का गं? कुणाला उत्तर सुचेना. तिला आता वाकणं, पीळ देणं, वजन उचलणं बंद आहे. सपाटीवर चालायला डॉक्टरांनी सांगितलंय. ती येते. दोन फेऱ्यांची आम्ही एक केलीय, तीही तिच्या चालीने, आणि बाटल्या उचलताना आकडे तीच मोजते. मी अकराव्याला थांबले तर ओरडते.