उघड्यावरची क्रेन बिनधास्त कशी चालवावी

यार्डात गँट्री क्रेन, म्हणजे रुळांवर पायांनी चालणारी क्रेन, उभी केलीत आणि शेडचा खर्च वाचवलात, फार चांगलं केलंत. आता सुरक्षिततेचाही खर्च वाचवायचा असेल तर पुढच्या सूचना नीट वाचा. एकही मनची नाही, सगळ्या मी केबिनमधून रोज पाहतो.

चेकलिस्ट न चुकता भरा. महिन्याभराच्या टिका एका बैठकीत मारल्या की पेन पुन्हा शोधावं लागत नाही.

वायर रोपला ग्रीस लावू नका. पाऊस पडतोच की वरून.

लिमिट स्विचला ब्रेक समजा. हुक वर जाऊन आपोआप थांबतो, मग बटणावरचं बोट कशाला उचलायचं? कधीतरी तो स्विच गंजून चिकटेल, हुक ब्लॉक रोप गुंडाळणाऱ्या ड्रमला भिडेल आणि रोप तुटून माल खाली येईल. पण ते कधीतरी. आज डिस्पॅच आहे.

माल हुकाच्या बरोबर खाली नसेल तर तिरका ओढा. क्रेन सरळ वर उचलायला बनवलेली असते, तिरक्या ओढीने रोप ड्रमच्या खाचेतून सुटतो आणि जमीन सोडताक्षणी माल झोला खातो, हे सगळं कागदावर ठीक आहे. खाली माल बांधणाऱ्या खलाशांना उडी मारून बाजूला व्हायची सवय असते.

स्लिंग, म्हणजे माल हुकाला टांगायचा पट्टा, आखूड असली तरी तीच ताणून बसवा. दोन पायांच्या स्लिंगचा आडव्याशी कोन 30 अंशांवर आला की 10 टनांचा माल प्रत्येक पायावर 10 टनांचाच ताण टाकतो. 'दोन पाय म्हणजे पाच-पाच टन' हा हिशोब करणाऱ्याला मात्र काही सांगायला जाऊ नका, तो सीनियर असतो.

सिग्नल सगळ्यांनी द्या. ड्रायव्हरनेही, ट्रकच्या.

आता वारा. वाऱ्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. क्रेनच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग मोजणारी वाट्यांची फिरकी असते, ती शोभेची. उघड्यावरच्या पुष्कळ क्रेन ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वाऱ्यापर्यंतच चालवायच्या हिशोबाने बनवतात. पत्र्यासारखा रुंद माल उचलायचा तर त्याच्या खूप आधीच थांबावं लागतं, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पण परवा वारा वाढल्याचा इशारा देणारा भोंगा वाजायला लागला तेव्हा हुकाला टाकीचा मोठा पत्रा होता आणि खाली ट्रक ताटकळत होता. मी पत्रा खाली टेकवला आणि थांबलो. तर साहेब खालून ओरडले, "तुला पगार माल उचलायचा मिळतो का हवामान सांगायचा?" पाठोपाठ इलेक्ट्रिशियनला वर पाठवून भोंग्याची वायर काढायला लावली. आवाज बंद. वारा तेवढाच. खाली टॅगलाइन, म्हणजे माल फिरू नये म्हणून बांधलेली दोरी, धरून दोन पोरं उभी, हातात मोजे नाहीत, आणि मी पुन्हा उचलायचं म्हणे! नाही उचललं. त्यावरून अजून धुसफूस चालू आहे.

आणि वारा फक्त कामाच्या वेळी येतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. सप्टेंबर 2003 मध्ये मेमी नावाचं चक्रीवादळ दक्षिण कोरियाच्या बुसान बंदरावर आलं आणि धक्क्यावरच्या अकरा कंटेनर क्रेन निकामी झाल्या. आपली क्रेन त्यांच्यापुढे किरकोळ, पण ती जाण्याची रीत कळायला पोस्टग्रॅज्युएट व्हावं लागत नाही. वारा ढकलतो, ओल्या रुळावर ब्रेक लागलेली चाकंसुद्धा घसरतात, क्रेन वेग घेते आणि शेवटच्या स्टॉपरला आदळते. पाय तिथे अडतात, वरचा भाग पुढे जातो. क्रेनला रुळाशी पकडून ठेवणारा रेल क्लॅम्प यासाठी असतो. वादळात क्रेन जमिनीला जखडायला घालायची पिनही यासाठीच असते, पण तिचं भोक ठरलेल्या जागीच असतं, म्हणजे वारा चढायच्या आत क्रेन तिथे नेऊन उभी करावी लागते. वारा चढल्यावर त्याच्या विरुद्ध क्रेन हलत नाही. आमच्याकडे त्या भोकात माती आणि गुटख्याच्या पुड्या आहेत.

पुढची सूचना कंट्रोल पॅनलच्या फाटक्या गॅस्केटबद्दल होती. राहू दे. उपरोध पुरे झाला.

अहो, क्रेनच्या टेस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावलंय. टेस्टच्या दिवशी ज्या दिमाखात जास्तीचं वजन उचलून फोटो काढलेत, त्या दिवसानंतर तुमच्यापैकी एक तरी माणूस शिडी चढून वर आलाय का? ब्रेकची लायनिंग कुणी पाहिली? हुकाची खिट्टी मोडून किती दिवस झाले, विचारा कुणालाही. वरून मला रोज दिसतं, उचललेल्या मालाखालून लोक मोबाइल बघत जातात, आणि हॉर्न दिला की वर बघून हात करतात. भोंगा त्रास देतो म्हणून काढता, मग ट्रकवाल्याला "वारा आहे, तासभर थांब" एवढं सांगायला काय जातं तुमचं? तो थांबतो. जेवायला थांबतोच की.

आणि रात्री क्लॅम्प लावायला वेगळा माणूस मिळत नसेल तर घरी जाताना स्वतः लावा. चाकापाशी वाकावं लागतं, पँटला काळं लागतं. लागू द्या.