जेम्स वेबमुळे रेडिओ दुर्बिणी निकामी झाल्या का?

जेम्स वेब ही अवरक्त प्रकाश टिपणारी अवकाश दुर्बीण धुळीआडचे सारे पाहते, त्यामुळे महाकाय ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास करण्यासाठी रेडिओ दुर्बिणींनी रेणूंच्या वर्णपटरेषा (प्रत्येक रेणू ठरावीक वारंवारतांना सोडतो ते संकेत) टिपत बसण्याची गरज उरलेली नाही, असा दावा सर्रास फिरतो आहे. वेबची छायाचित्रे देखणी आहेत. दावा मात्र टिकत नाही.

'धुळीआडचे सारे' हेच आधी चुकीचे आहे. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचे तारे ज्या ढगांत जन्मतात, तेथील वायूचे तापमान सुरुवातीला जेमतेम १० ते २० केल्विन (शून्याखाली सुमारे २५३ ते २६३ अंश सेल्सिअस) असते. इतक्या थंड पदार्थाचे प्रारण साधारण २०० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते आणि वेबची मर्यादा सुमारे २८ मायक्रॉनलाच संपते. अवरक्त छायाचित्रांत हे ढग काळ्या डागांसारखे दिसतात, म्हणून त्यांना 'अवरक्त कृष्णमेघ' म्हणतात.

वेबलाही वर्णपटमापक आहेत, हा प्रतिप्रश्न रास्त आहे. पण त्यांची विभेदनक्षमता, म्हणजे ओळखता येणारा सर्वांत लहान फरक, वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर एवढी ढोबळ आहे, आणि केंद्राकडे कोसळणाऱ्या वायूचा वेग असतो सेकंदाला एखादा किलोमीटर. वायू हलत असला की त्याच्या रेषेची वारंवारता किंचित सरकते; रेणूच्या ९३ गिगाहर्ट्झजवळच्या रेषेत एवढ्या वेगाने सुमारे ३१० किलोहर्ट्झचा सरकाव होतो, जो रेडिओ उपकरणे सहज मोजतात.

'रेषांवरून फार तर वायूंची यादी मिळते' हा आक्षेप सर्वांत उथळ आहे. ढगात मुख्यतः असलेला रेण्वीय हायड्रोजन एवढ्या थंडीत जवळपास मूकच असतो, म्हणजे रेषा देतच नाही, म्हणून त्याची हकिगत इतर रेणूंकडून काढून घ्यावी लागते. १९६८ साली चार्ल्स टाउन्स यांच्या गटाला अवकाशात सापडलेला अमोनिया २३.७ गिगाहर्ट्झच्या आसपास ज्या रेषा देतो, त्यांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून वायूचे तापमान निघते. कार्बन मोनॉक्साइड सुमारे २० केल्विनखाली धूलिकणांवर गोठतो; तो हटला की डायझेनिलियम हा नायट्रोजन-हायड्रोजनचा आयन (विद्युतभारित रेणू) टिकून राहतो, कारण त्याला नष्ट करणारा मुख्य रेणू कार्बन मोनॉक्साइडच असतो. पुढे गर्भस्थ तारा भोवताल तापवू लागला की कार्बन मोनॉक्साइड वायुरूपात परततो आणि डायझेनिलियम घटतो. म्हणजे या दोहोंच्या प्रमाणावरून ढगाच्या वयाचा अंदाज येतो. अर्थात एकट्या रेषेवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण बाहेर फेकला जाणारा वायूही तिचा आकार बिघडवतो.

या वादात काहीजण नारायणगावजवळच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीलाही ओढतात. तिची वारंवारता सुमारे १.४ गिगाहर्ट्झपर्यंतच असल्याने वरील रेषा तिच्या कक्षेत येतच नाहीत. तारा पेटून भोवतालचा हायड्रोजन आयनित झाला, की तिचे काम सुरू होते.