वासोट्यावरचा चष्मा आणि कमरेची बॅटरी

दिवाळी अंकांसाठी कथा लिहायचे दिवस आलेत, म्हणून सातारा-सांगलीकडच्या लिहित्या मंडळींसाठी हे जरा सविस्तर लिहितोय.

अंगावर घालायचा लष्करी कॉम्प्युटर हा थरारकथेसाठी फर्मास विषय आहे. पण आपल्याकडे तो जादूच्या अंगठीसारखा लिहिला जातो. नायकाने चष्मा चढवला की भिंतीपलीकडचं दिसतं, शत्रूचं नाव-गाव डोळ्यांपुढे येतं, आणि चार दिवस चार्जिंगचा विषयच निघत नाही. मला हे मनापासून खटकतं. ज्या सातारा जिल्ह्यात घरोघरी सैनिक असलेलं अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, तिथला वाचक पाठीवरच्या वजनाचा हिशोब लगेच मांडतो.

तो हिशोबच आधी करू. डोळ्यांपुढचे दोन डिस्प्ले, चार कॅमेरे, प्रोसेसर आणि रेडिओ मिळून सरासरी १२ वॅट धरा. तीन दिवसांची मोहीम म्हणजे ७२ तास, म्हणजे ८६४ वॅट-तास. विजेरीत असतो तो ‘१८६५०’ नावाचा सेल ३.६ व्होल्ट, ३ अँपिअर-तासांचा, म्हणजे १०.८ वॅट-तासांचा. लागले ८० सेल. एक सेल साधारण ४७ ग्रॅमचा, म्हणजे नुसते सेलच पावणेचार किलो. डबा, संरक्षक सर्किट आणि वायर वेगळी. हे रायफल, गोळ्या आणि पाण्याच्या वर. म्हणून खऱ्या मोहिमेत असं यंत्र बहुतेक वेळ बंद ठेवावं लागतं. ते कधी चालू करायचं, हा निर्णय नायकाला घ्यायला लावा. माझ्या मते कथेचा जीव तिथे आहे.

एवढी बॅटरी डोक्यावर बसत नाही, ती कमरेला जाते. मग कमरेपासून मानेपर्यंत वायर आली, आणि वायर आली की करवंदीची जाळी आलीच. वायर मध्यावर क्वचितच तुटते. कनेक्टरमधून बाहेर पडते तिथे तुटते. तेही एकदम नाही. आवरण शाबूत असतं आणि आतल्या तारा एकेक करून तुटत जातात. उरलेल्या दोन-तीन तारांवर यंत्र चालू राहतं, पण प्रोसेसरने जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली येतं. बाहेरून दिसतं ते असं: मान डावीकडे वळवली की पडदा काळा, सरळ केली की पुन्हा उजेड. उपाय साधे आहेत: कनेक्टरच्या तोंडाशी रबरी बाही, मानेजवळ बोटभर ढिली वायर, आणि अडकली तर तुटण्याऐवजी सुटून येईल असं चुंबकी कनेक्शन. मात्र त्या उघड्या पिनांवर सतत व्होल्टेज ठेवलं तर घामाच्या खारट पाण्यात धन बाजूची पिन झिजते, हिरवी पडते. म्हणून समोरचं यंत्र ओळखल्याशिवाय पिनांवर वीज सोडायचीच नाही.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन आणि एडवर्ड थॉर्प यांनी १९६१ साली रूलेट या फिरत्या चाकाच्या जुगारात चेंडू कुठे पडेल याचा अंदाज बांधणारा, अंगावर लपवता येणारा कॉम्प्युटर केला. बटणं बुटात, पायाच्या अंगठ्याने दाबायची. उत्तर कानात सुरांतून. लास व्हेगासमध्ये गणिताने दगा दिला नाही, कानाकडे जाणारी बारीक तार तुटत राहिली.

आता प्रसंग कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर नेऊ. दिवाळीनंतरची रात्र, दाट झाडी, बाजूला उभा कडा. उपग्रहाचा आधीच क्षीण सिग्नल पानांत अडतो, कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि जागा चुकते. मग यंत्र हालचालीच्या सेन्सरवर जागा मोजतं. त्यात गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाएवढी चूक असली तरी मिनिटात साडेसतरा मीटर आणि दहा मिनिटांत पावणेदोन किलोमीटरचा घोळ होतो, कारण ती चूक वेळेच्या वर्गाने वाढते. पायवाटेवरचा माणूस नकाशावर खालच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्यात! तोड बुटात आहे. सेन्सर बुटात बसवायचा. प्रत्येक पावलाला टाच क्षणभर जमिनीवर थांबते, तेव्हा वेग शून्य धरून साचलेली चूक पुसायची. होकायंत्राचं आणखी वेगळं. रायफलचं पोलाद जवळ आलं की दिशा ढळते. पाच अंशांची चूक म्हणजे किलोमीटरवर ८७ मीटर, म्हणजे बाण भलत्याच झाडावर.

उष्णतेकडे तर कुणी बघतच नाही. दुष्काळी माण तालुक्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि कातडीला बराच वेळ चिकटून राहणारी वस्तू ४३ अंशांपुढे जाऊ द्यायची नसते. हातात उरले तीन अंश. मग प्रोसेसर स्वतःला हळू करतो, चित्र डोक्याच्या हालचालीच्या मागे पडतं. ही दिरंगाई वीसेक मिलिसेकंदांपलीकडे गेली की डोळे एक सांगतात, तोल सांभाळणारा आतला कान दुसरं, आणि मळमळ सुरू होते. अमेरिकी लष्कराने २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टला दिलेल्या चष्म्याच्या कामात असाच त्रास पुढे आला. २०२२ च्या चाचण्यांत सैनिकांनी डोकेदुखी, डोळ्यांचा ताण आणि मळमळीची तक्रार केली. गारठ्यात उलटं: श्वासाने काच आतून धुरकट होते, आणि शून्याखाली लिथियम सेल चार्ज केला तर तो कायमचा बिघडतो.

आणि खलनायकाला काय द्यायचं? दोन अँटेना. नायकाचा रेडिओ बोलला की एक दिशा जलाशयाकाठच्या बामणोली गावातून, दुसरी पलीकडच्या डोंगरावरून. दोन रेषा छेदतात तिथे नायक. संदेश कितीही कुलूपबंद असो, तो कुठून निघाला हे लपत नाही. रेडिओ गप्प ठेवूनही धोका टळत नाही. व्यायामाच्या स्ट्रावा ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरात धावण्याच्या वाटांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान-सीरियातले लष्करी तळ त्यात उजळून दिसताहेत. मनगटावरच्या पट्ट्यांनी एवढं उघडं पाडलं; चार कॅमेऱ्यांचा चष्मा काय काय साठवत असेल, यावर एक अख्खं प्रकरण होतं.

कुणी लिहायला घेतलं तर आकडे तपासून द्यायला मी तयार आहे. फक्त दोन गोष्टी आधी ठरवून पाठवा: नायकाच्या कमरेला सेल किती, आणि बामणोलीहून निघताना त्यातले भरलेले किती.