धबधब्याला राखणदार हवा

जून संपत आला की आमच्या सावंतवाडीच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आंबोलीचा वाद सुरू होतो. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा, धबधब्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही, खाली दरीत बाटल्यांचा खच. एक बाजू म्हणते, पावसाळाभर सगळं बंद करून टाका. दुसरी म्हणते, डोंगर आमचा, पाऊस आमचा, मग आमच्याच धबधब्यावर आम्हाला बंदी कसली? ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. पुढच्याच महिन्यात माणगावजवळ कुंभे धबधब्यावर व्हिडिओ करताना मुंबईची एक तरुणी दरीत कोसळून गेली. तेव्हा मनाई आदेश निघाले, फलक लागले, ग्रुपही काही दिवस गप्प होता. पुढच्या पावसाळ्यात वाद पुन्हा जिथल्या तिथे.

मी नऊ वर्षं युगांडाच्या राजधानीत, कंपालात राहते. या वादात आजवर फारसं बोलले नाही. लांब बसून गावाला शहाणपण शिकवणारी माणसं मलाही आवडत नाहीत. पण गेल्या महिन्यात नाईल नदीवरचा मर्चिसनचा धबधबा तिसऱ्यांदा पाहून आले आणि आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

हा धबधबा ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे ते कंपालाहून वायव्येला तीनेकशे किलोमीटरवर, युगांडातलं सगळ्यांत मोठं. मासिंदी सोडलं की बुडोंगोचं जंगल लागतं. तिथून पुढे ड्रायव्हर काचा वर करायला सांगतो, कारण त्सेत्से माश्या गाडीत शिरतात आणि कपड्यांवरूनही चावतात. झाडांना त्यांच्यासाठी निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले असतात, म्हणून त्या रंगाचे कपडे घालायचे नाहीत हे आम्ही पहिल्या फेरीतच शिकलो. नदीकाठच्या पारा नावाच्या ठिकाणाहून बोट निघते. नाईलच्या प्रवाहाविरुद्ध दोन तास. काठावर पाणघोड्यांचे कळप, वाळूवर जबडा उघडा टाकून पडलेल्या मगरी. मग पाण्यावर पांढऱ्या फेसाचे पुंजके वाहत येऊ लागतात आणि धबधबा दिसायच्या आधी असा कळतो. बोट बरीच अलीकडे थांबते. त्यापुढे पाणी तिला जाऊच देत नाही.

उंची विचाराल तर जेमतेम ४३ मीटर. आपला ठोसेघर याच्या कितीतरी वर. पण पन्नासेक मीटर रुंदीची नाईल इथे सात-आठ मीटरच्या खडकाच्या फटीतून जाते. सेकंदाला सुमारे ३०० घनमीटर पाणी, आणि मागे व्हिक्टोरिया सरोवर असल्यामुळे ते बारा महिने. आंबोलीचा धबधबा अंगावर घेता येतो, त्याच्याखाली उभं राहून ओरडता येतं. इथे वर खडकाजवळ उभी राहिले तर पायाखालचा दगड हलत होता. मुलगी माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी म्हणाली, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिने माझा हात मात्र घट्ट धरला होता.

आणि तिथे कुणी पाण्यात उतरत नाही. खालून वर येणारी पाऊलवाट रेंजरसोबतच चढायची असते. आमच्या गटाबरोबर आलेली रेंजर पंचविशीतली मुलगी होती, उद्यानाच्या हद्दीलगतच्या गावची. एक गृहस्थ फोटोसाठी ओल्या खडकावर पाय टाकू लागले तर तिने फक्त हात आडवा केला. ते मागे आले. त्या हातामागे तिची नोकरी होती, गाव होतं आणि तिथला प्रत्येक निसरडा दगड ठाऊक असणं होतं. आमच्याकडे शहरातून बंदोबस्ताला आणलेला पोलीस दोन रविवार उभा राहतो. त्याला ना तो डोंगर माहीत, ना डोंगराला तो.

आम्ही कोकणातली माणसं. गावाला राखणदार असतो, त्याला वर्षाला नारळ-कोंबडा द्यायचा असतो आणि त्याच्या हद्दीत वाटेल तसं वागायचं नसतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. खुद्द आंबोलीतच त्याचा पुरावा आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात, लहानसे मासे आहेत. देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावला नाही. २०२० मध्ये संशोधकांनी ती नवी जात असल्याचं जाहीर केलं, आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरवली. सरकारी फलकाच्या कितीतरी आधी त्या पाण्याला राखणदार होता.

नाईललाही होते. जिंजाजवळ बुजागालीचा धबधबा होता. त्याच्या पाण्यात बुजागाली नावाच्या दैवताचा वास आहे असं बासोगा लोक मानत आले. त्या दैवताचा प्रतिनिधी मानला जाणारा म्हातारा वैदू धरणाला विरोध करत राहिला, दैवत दुसरीकडे हलवता येत नाही म्हणत राहिला. त्याला वगळून स्थलांतराचे विधी उरकले गेले आणि २०१२ मध्ये २५० मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. धबधबा पाण्याखाली गेला. त्याआधी १९५४ मध्ये ओवेन फॉल्सच्या धरणाने रिपन धबधबा असाच बुडवला होता. माझ्या कंपालातल्या घरात दिवा लागतो तो बहुतांश नाईलवरच्या या धरणांच्या विजेवर, हे मला नीट ठाऊक आहे. ज्या देशात अजून असंख्य घरांत वीज नाही, तिथे धरणच नको असं मी म्हणणार नाही. माझं दुःख एवढंच की राखणदार एकटा पडला.

मर्चिसनच्या वेळी तसं झालं नाही. २०१९ च्या जूनमध्ये एका दक्षिण आफ्रिकी कंपनीने तिथे धरणासाठी अर्ज केल्याचं जाहीर झालं आणि सफारी चालवणारे, वाटाडे, हॉटेलवाले, विद्यार्थी सगळे उठले. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने नकार दिला. डिसेंबरमध्ये पुन्हा अभ्यासाला परवानगी दिल्याचं सांगण्यात आलं, तेव्हा लोक पुन्हा उठले. धबधबा आजही आहे. त्याच्यावर ज्यांची चूल पेटते ते बोलले, म्हणून बोलणं ऐकलं गेलं. मला इथे मोलेमची आठवण येते. दूधसागर ज्या अभयारण्यात आहे तिथून रेल्वेचा दुसरा मार्ग जाणार होता. गोव्यातली तरुण मुलं, मच्छीमार, वास्तुविशारद, गावकरी एकत्र आले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मार्गाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. आपल्याकडे हे जमत नाही, असं म्हणूच नये.

पण युगांडाचं सगळंच उचलून आणावं, असंही मला वाटत नाही. हे रान पहिल्यापासून निर्मनुष्य नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगाची साथ आली, तेव्हा ब्रिटिशांनी इथली गावं हलवली. रिकाम्या झालेल्या मुलखात १९२६ मध्ये शिकारीचं राखीव क्षेत्र आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. धबधब्याला नाव लंडनच्या भूगोल संस्थेच्या अध्यक्षाचं, १८६४ मध्ये सॅम्युएल बेकरने दिलेलं. इथल्या बुन्योरो राज्याचा राजा कबालेगा ब्रिटिशांशी लढला, १८९९ मध्ये पकडला गेला, सेशेल्सला हद्दपार झाला. त्याचं नाव धबधब्याला दिलं ते इदी अमीनने, आणि अमीन गेल्यावर तेही गेलं. आता उद्यानात तेलविहिरी आहेत आणि त्यांच्यासाठी झालेले गुळगुळीत डांबरी रस्ते. त्याच रस्त्याने मी गेले.

कायद्याने उद्यानाच्या प्रवेश शुल्कातला वीस टक्के वाटा लगतच्या गावांना जातो. त्यातून शाळेच्या खोल्या होतात, दवाखाने होतात. हे मला फार मोलाचं वाटतं. तरीही हत्ती रात्री बाहेर येतात आणि मका, कसावा तुडवून जातात. ज्याचं शेत गेलं त्याला शाळेची नवी खोली दिसत नाही. मग जुन्या टायरमधल्या तारा काढून फास लावले जातात, आणि त्यात रानडुकरांबरोबर जिराफांचे पायही अडकतात. राखणदाराला वाटा दिला पण विचारलं नाही, तर तो पहारा करत नाही.

म्हणून ग्रुपवर दोन्ही बाजूंना मला सांगायचं आहे की बंदी आणि मोकळीक यांत निवड करायचीच नाही. कासच्या पठारावर आपणच वेगळं करून दाखवलं आहे. भोवतालच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती शुल्क घेते, रोजच्या माणसांवर मर्यादा ठेवते आणि फुलांत कुणी लोळायला लागलं तर गावातलाच माणूस शिट्टी वाजवतो. सह्याद्रीतल्या प्रत्येक मोठ्या धबधब्याला असा गाव हवा. पैसे गावाच्या खात्यात, माणसं गावातली, पाणी चढलं की वाट बंद करायचा अधिकारही गावाचाच. मुंबई-पुण्याच्या पर्यटकाने त्यासाठी पन्नासाच्या जागी दोनशे रुपये द्यावेत. कंपालातल्या आम्हा परदेशी रहिवाशांना युगांडाच्या नागरिकांपेक्षा जास्त शुल्क पडतं, आणि ते देताना मला कधी अपमान वाटला नाही.

परतताना उद्यानाजवळच्या पकवाच गावातून तारेचा एक हत्ती घेतला. तिथली तरुण मुलं जंगलातून जप्त झालेल्या फासांच्या तारा वळून प्राणी बनवतात. आमच्या सावंतवाडीतल्या चितारआळीच्या लाकडी खेळण्यांइतकीच त्यात हातांची सफाई आहे. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी कौतुक केलं. दोडामार्गातल्या माझ्या मैत्रिणीने केलं नाही. तिळारी खोऱ्यात कर्नाटकातून हत्ती आल्याला वीस वर्षं उलटली, आणि तिच्या केळीच्या बागेत ते कितीदा येऊन गेले याची तिला मोजदाद नाही. तिने एवढंच विचारलं, ‘‘तिथल्या लोकांक नुकसानीचे पैशे वेळेवर गावतत काय गो?’’

युगांडाच्या २०१९ च्या वन्यजीव कायद्यात भरपाईची तरतूद आहे, हे मला माहीत होतं. ती हातात कधी पडते हे मी तीन फेऱ्यांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. तसंच तिला लिहिलं. डिसेंबरात पुन्हा जाणार आहोत, तेव्हा आधी हद्दीवरच्या गावात थांबणार आहे.