पिथिया बरळत नव्हती

‘प्राचीन ग्रीसमधल्या देल्फीच्या देवळात कोवळ्या मुलींना विषारी वायू हुंगवत, त्या बरळत, पुजारी त्याचे श्लोक करत. विज्ञानानेही हे सिद्ध केलंय. आणि एकही भाकीत चुकलं नाही!’ मावशीचा हा फॉरवर्ड दोनदा सोडून दिला. पण परवा नववीतल्या भाचीने तो प्रोजेक्टमध्ये उतरवला, वर डोळे फिरवलेल्या बाईचं चित्र. मग मात्र राहवेना.

कोवळ्या मुली? देवाचा कौल सांगणाऱ्या बाईला तिथे पिथिया म्हणत. एकीला कुणी पळवून नेलं, तेव्हापासून पन्नाशी उलटलेली बाईच बसवू लागले, असं जुना ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो. कपडे तेवढे कुमारिकेचे.

खरी चीड येते ती ‘बरळत’वर. ग्रीक लेखक प्लुटार्क स्वतः देल्फीचा पुजारी. त्याच्या काळातली पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरची. ती साध्या गद्यात, समजेल असं बोले. बिनसलेला एक प्रसंगही तो सांगतो. बळीच्या बकरीवर पाणी शिंपडलं की ती थरथरायला हवी, तरच देवाचा कौल. त्या दिवशी बकरी ढिम्म. पाहुणे बडे, म्हणून पुजाऱ्यांनी तिला भिजवून भिजवून थरथरायला लावलं. पिथिया मनाविरुद्ध आत उतरली, आवाज घोगरा झाला, किंचाळत दाराकडे धावली. पुजाऱ्यांसकट सगळे पळाले. थोड्याच दिवसांत ती गेली. प्लुटार्कने अघटित म्हणून लिहिलेलं आपण रोजचं म्हणून पुढे ढकलतो.

श्लोकांचं थोडं खरं आहे, नाही कशाला म्हणू? देवळातले कवी तिचं गद्य छंदात बसवत, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो. गद्य, बरळणं नव्हे.

वायूचंही अर्धवटच. 2001 मध्ये भूवैज्ञानिकांना तिथल्या झऱ्यात इथिलीन या गुंगी आणणाऱ्या वायूचा अंश सापडला. 2006 मध्ये दुसऱ्या गटाने, गुंगी येण्याइतकं इथिलीन तिथे असणं कठीण, असं मांडलं. प्लुटार्क सुगंधाचा उल्लेख करतो, पण कधीमधी येणाऱ्या, आणि तोही कौल घ्यायला आलेले लोक बसत त्या खोलीत. मग झिंगायला हवेत ते लोकच की!

‘चुकलं नाही’? लिडियाचा राजा क्रीसस, त्याला सांगितलं, पर्शियावर चालून गेलास तर मोठं साम्राज्य बुडवशील. बुडालं त्याचंच. असं वाक्य चुकणार कसं?

बहुतेकांचे प्रश्न घरगुतीच. डोडोना या ग्रीसमधल्याच दुसऱ्या कौलाच्या ठिकाणी ते शिशाच्या पट्ट्यांवर कोरून विचारत. लिसानियास विचारतो, अॅनिलाच्या पोटातलं मूल माझंच ना? एगिस विचारतो, माझी पांघरुणं आणि उशा बाहेरच्या कुणी चोरल्या का?

भाची आता त्या बाईच्या जागी शिशाची पट्टी काढते आहे. मावशीचा अंगठा अजून आलेला नाही.