पैसे सेकंदात पोचवणारे आणि आमचा फुल अँड फायनल

आज सकाळी जुन्या कंपनीची लिंक्डइनवरची पोस्ट दिसली. फुगे, केक, सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट आणि खाली ओळ: पैसा थांबत नाही, आम्हीही थांबत नाही. डोकंच फिरलं. कारण काल रात्रीच आमच्या टीममधल्या लातूरच्या पोराचा फोन आला होता. नोकरी सोडून अडीच महिने झाले, फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडल्यावरचा शेवटचा हिशोब, अजून नाही. हैदराबादला रूमचं डिपॉझिट उसने पैसे घेऊन भरलं. एचआरला विचारलं की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे."

अरे, तुमचा धंदाच तो आहे ना?

ही फोनपे-गुगलपेसारखी कंपनी नव्हे. मोठ्या कंपन्या आपल्या व्हेंडरांना जे पैसे देतात, ते आमच्याकडून जायचे. क्लायंटची फाइल यायची, बँकेकडे जायची, रिटर्न फाइल आली की रेको, म्हणजे दोन्हीकडचे आकडे जुळवणं. एक रुपया जुळत नसला तरी कुणी घरी जायचं नाही. पूर्वी निदान बँकांना सुट्टी असायची. डिसेंबर 2019 मध्ये एनईएफटी चोवीस तास झालं, पुढच्या डिसेंबरात आरटीजीएस, 1 ऑगस्ट 2021 पासून पगार-हप्त्यांचं एनएसीएचही रविवारी चालू. लोकांची सोय झाली, छानच झालं. आमचा रविवार गेला आणि माणसं होती तेवढीच राहिली.

तर हा पोरगा. सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झालेली, आणि 1 जुलै 2021 पासून तिचे जुने आयएफएससी कोड बंद. हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. पण व्हेंडर मास्टर, म्हणजे व्हेंडरांच्या बँक खात्यांची यादी, कुणी दुरुस्त करायचा यावर सगळ्या टीम एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या. व्हायचं तेच झालं, पेमेंटं धडाधड परत. साहेब क्लायंटला कॉलवर 'टेक्निकल इश्यू' सांगत होते आणि हा गावच्या घरातून एकेका व्हेंडरला फोन लावत होता. "काका, नव्या चेकबुकातला कॅन्सल चेक पाठवा, फोटो चालेल." चाकणचा एक वर्कशॉपवाला होता, त्याच्या कामगारांचे पगार अडकलेले. तो शिव्याच देत होता. ह्याने ऐकून घेतल्या, कोड बदलला, बदल मंजूर करणारी चेकर म्हणून मला झोपेतून उठवलं आणि पैसे जमा झाल्यावर यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, त्या माणसाला अंक-अंक वाचून दाखवला. हे कुठल्या नियमात नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, त्याला झोप लागली पाहिजे ना."

त्या वर्षी ह्याला रेटिंग तीन. पाचपैकी. कारण काय, तर 'व्हिजिबिलिटी कमी पडते'.

पगार कधी चुकला नाही, मान्य. कोविडात सासऱ्यांचं बिल कंपनीच्या मेडिक्लेममधून भागलं, तेही मान्य. बरं, पुढे.

2024 मध्ये आयकरातल्या 43बी(एच) ची धावपळ झाली. सूक्ष्म-लघुउद्योगांचे पैसे, करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्या, नाहीतर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा मिळणार नाही. आमच्या सेल्सवाल्यांना लॉटरीच लागली. 'वेळेवर पैसे म्हणजे आदर' अशी स्लाइड घेऊन गावभर फिरले. त्या डेकमधले आकडे मीच तपासून दिले होते, म्हणून जास्त झोंबतंय. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत वेतन चुकतं करा, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. ह्यांच्या पॉलिसीत अजून 45 दिवस, आणि तेही कधीच उलटून गेले. व्हेंडरचा आदर 45 दिवसांत. ज्याने त्या व्हेंडरला यूटीआर वाचून दाखवला त्याचा? तो प्रोसेसमध्ये आहे.

आणि वर टाउनहॉलमध्ये 'वी आर अ फॅमिली'. आमच्या घरात सख्ख्या भावाचे पैसे अडकवून कुणी केक कापत नाही हो.

'सगळीकडे असंच असतं' हे कमेंटमध्ये लिहू नका, मला माहितीये. इतर ठिकाणी निदान पैसे पोचवण्याची मशिनरी घरात नसते.

पोराचा आवाज काल फार दमलेला होता. चिडलेलाही नव्हता, तेच जास्त लागलं. मी म्हटलं, मेलमधलं 'काइंडली' काढ, वेतन संहितेचं कलम 17 टाक, कामगार आयुक्तांना सीसी कर. तर म्हणतो, "ताई, रिलीव्हिंग लेटर अडवतील." म्हणजे हक्काचे पैसे मागायलाही भ्यायचं. लेटर येईपर्यंत थांबायचं ठरवलंय त्याने, मी जबरदस्ती करणार नाही.

पण ज्यांचं लेटर हातात आलंय आणि पैसे अडकलेत, अशा जुन्या टीममधल्यांनी इनबॉक्समध्ये या. मेलचा मसुदा तयार आहे.