लढाऊ विमान घेताय? सावकाश होऊ द्या

उद्या नशिबानं तुम्हाला संरक्षण मंत्रालयात खरेदीची खुर्ची मिळाली आणि हवाई दलाचे कुणी अधिकारी ‘साहेब, विमानं हवीत’ म्हणत दारात उभे राहिले, तर गडबडून जाऊ नका. बसवा, चहा सांगा. नाही म्हणू नका. हो तर चुकूनही म्हणू नका. फाइलवर ‘तपासून सादर करावे’ एवढंच लिहा. तेवढ्यावर एक सरकार आरामात निघतं.

ते म्हणतील, नवशिके वैमानिक फार दगावताहेत. तर समिती नेमा, मात्र नेमताना जपून. १९८२ साली अशाच अपघातांवर ला फाँतेन समिती नेमली आणि तिनं सरळ सांगून टाकलं, की पोरांना शिकवायला प्रगत जेट ट्रेनर घ्या. असं एका वाक्यात उत्तर देणारी समिती फार अडचणीची. तरीही आपल्या पूर्वसूरींनी हार मानली नाही. ब्रिटिश हॉक ट्रेनरच्या करारावर सही व्हायला मार्च २००४ उजाडला, आणि बिदरला हॉक रीतसर दाखल झालं ते २००८ मध्ये. ज्या वर्षी समिती बसली त्या वर्षी जन्मलेलं पोरगं तोवर स्वतः वैमानिक होऊन बसलं असेल.

मधल्या काळात शिकाऊ पोरं काय करत होती? किरण या सौम्य प्रकृतीच्या विमानावर हात बसला, की पुढे मिग-२१. लुनावर शिकलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी रेसिंग कारची किल्ली द्यावी, तसं. मिग-२१ आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं विमान. त्याचे त्रिकोणी पंख आखूड, त्यामुळे उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागतो. नाक वर उचललेलं असतं, म्हणून जिथं टेकायचं ती धावपट्टीच समोर नीट दिसत नाही. इंजिन एकच. ते बंद पडलं तर विमान तरंगत बसत नाही, दगडासारखं खाली येतं. विचार करायला हातात काही सेकंद. तुमच्या फाइलला मिळतात तशी बावीस वर्षं नव्हेत.

विमानाला नावं ठेवू नका हं. याच मिगनी डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली होती. त्याला वेळेत निवृत्त करायचं राहून गेलं, एवढंच.

मग कधीतरी संसदेत प्रश्न येतो. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी उत्तर दिलं: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मरण पावले. असं उत्तर वाचायची वेळ आली तर आवाज सपाट ठेवा आणि कारणांच्या जागी ‘मानवी चूक’ व ‘तांत्रिक बिघाड’ हे दोनच रकाने असू द्या. ‘फाइल अडकली होती’ असा तिसरा रकाना सरकारी छापखान्यात मिळत नाही. उगाच मागवू नका.

तुम्ही विचाराल, इतकं घाबरायचं कशाला? १९८७ चं बोफोर्स तोफांच्या खरेदीचं प्रकरण आठवा. ज्यानं सही केली तो चौकशीत सापडतो. ज्यानं केली नाही तो सत्कार, नारळ, शाल घेऊन निवृत्त होतो. विमानाअभावी कुणी मेलं म्हणून आजवर कुठल्या उपसचिवाची वेतनवाढ रोखली गेली?

मोठी खरेदी कशी करावी याचा वस्तुपाठ हवा असेल तर १२६ विमानांची निविदा अभ्यासा. २००७ मध्ये काढली. सहा विमानं स्पर्धेत. बेंगळुरूची दमट हवा, जैसलमेरचं ऊन, लेहची विरळ हवा, सगळीकडे उडवून पाहिली. २०१२ मध्ये राफेल निवडलं. बहुतेक विमानं भारतातच बनायची होती, मग तीन वर्षं वाद: इथं बनलेल्या विमानांची हमी कुणी द्यायची? शेवटी निविदाच गुंडाळली आणि २०१६ मध्ये ३६ राफेल थेट घेतली, सुमारे ५९ हजार कोटींना. पुढे देशभर भांडण पेटलं ते त्या ३६ च्या किमतीवरून. उरलेली ९० कुठं गेली, हे चॅनेलवर कुणी ओरडून विचारल्याचं मला तरी आठवत नाही. २०१८ मध्ये ११४ विमानांसाठी पुन्हा कंपन्यांकडून माहिती मागवली. पहिल्यापासून.

स्वदेशी हवं असेल तर तेजस आहेच. १९८३ मध्ये ५६० कोटी मंजूर, पहिलं उड्डाण २००१, पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, २०१६. २०१५ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं त्यात ५३ उणिवा मोजल्या. कावेरी इंजिन त्यासाठीच बनत होतं, ते जमलं नाही म्हणून २००८ मध्ये वेगळं काढलं. तरी बिचाऱ्या विमानाचं कौतुक केलंच पाहिजे: उडायला लागल्यापासून मार्च २०२४ पर्यंत एकही तेजस पडलं नव्हतं. सगळा उशीर जमिनीवरच झाला.

नाशिककरांना हे सांगायला नको. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना ओझरला मिगचा कारखाना आला, पंचक्रोशीतल्या कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटल्या. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटच्या मिग-२१ ना पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी दिली. बासष्ट वर्षांची नोकरी! बरोबर एकवीस दिवसांनी तशीच सलामी ओझरला बनलेल्या पहिल्या मार्क-१ए ला, म्हणजे तेजसच्या सुधारित आवृत्तीला, तिच्या पहिल्या उड्डाणाची. हवाई दलाच्या ताब्यात मात्र त्या दिवशी एकही मार्क-१ए नव्हतं. पहिलं मिळायचं होतं मार्च २०२४ मध्ये. मंजुरी ४२ स्क्वाड्रनची, मिग गेल्यावर उरल्या २९. पत्रकारांनी यावर छेडलंच तर फवाऱ्याचा फोटो द्या, छान येतो.

आणि पुढचं नियोजन विचारलं, तर बेधडक गणित मांडा. दोन करारांत मिळून १८० मार्क-१ए ची ऑर्डर. बेंगळुरूच्या दोन आणि ओझरची एक अशा तीन लाइनवर वर्षाला २४ निघतील. म्हणजे साडेसात वर्षं. टाळ्या पडतील. फक्त त्या गणितात इंजिन धरू नका, ते अमेरिकेहून यायचं असतं.